काचेवरची शाई पाण्यात का सुटली? यूव्ही छपाईतील प्राइमर आणि लॅकरचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका लहान छपाई युनिटचे आहे. युनिट, ग्राहक आणि ठिकाण यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. युनिटकडे ३९५ नॅनोमीटरचा एलईडी दिवा असलेले, अतिनील (यूव्ही) प्रकाशाने शाई कडक करणारे एक फ्लॅटबेड यूव्ही प्रिंटर होते, आणि त्यावर अॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, पावडर कोटिंग केलेले पत्रे आणि अधूनमधून काच अशी कामे होत असत. कोटिंगच्या बाबतीत ही मंडळी अडाणी नव्हती. काचेसाठी सायलेनवर आधारलेले पुसून लावायचे प्राइमर (शाई धरावी म्हणून छपाईआधी लावायचा द्रव), पॉलिप्रॉपिलीनसाठी क्लोरिनेटेड पॉलिओलेफिनचे प्राइमर आणि धातूसाठी तिसरे, अशा तीन बाटल्या त्यांच्या कपाटात वेगवेगळ्या खुणा करून ठेवलेल्या होत्या.

एका मोठ्या इमारतीच्या आतील फलकांचे काम त्यांना मिळाले. ६ मिलिमीटर जाडीच्या टफन्ड (भट्टीत तापवून मजबूत केलेल्या) फ्लोट काचेच्या २०० बाय ३०० मिलिमीटरच्या ४२० पाट्या करायच्या होत्या. त्यांपैकी १४० प्रसाधनगृहांत आणि २८० मार्गिकांत लागणार होत्या. छपाई काचेच्या मागच्या बाजूने होती, म्हणजे चित्र उलटे करून आधी रंग, त्यामागे पांढऱ्या शाईचा सलग थर, आणि पाटी समोरून पाहिली की काचेतून दिसणारा मजकूर. भोवती सुमारे २० मिलिमीटरची गडद काळी पट्टी होती आणि ती थेट काचेच्या कडेपर्यंत जात होती. पाटी भिंतीला फोमच्या दुहेरी टेपने लावायची, असे ग्राहकाच्या आराखड्यातच ठरलेले होते.

या शेवटच्या तपशिलाकडे काम घेताना कोणाचेच लक्ष गेले नाही. मागून छापलेल्या काचेला टेप चिकटवली की ती काचेला चिकटत नाही, शाईला चिकटते. पाटीचा भार भिंतीकडून टेपकडे, टेपकडून शाईकडे आणि शाईकडून काचेकडे जातो. ६ मिलिमीटर काचेचे वजन दर चौरस मीटरला १५ किलोग्रॅम धरले तर या आकाराची पाटी सुमारे ९०० ग्रॅमची होते. हे ९०० ग्रॅम वजन काही दशांश मिलिमीटरसुद्धा जाड नसलेल्या शाईच्या थराने काचेला धरून ठेवायचे होते. शाई इथे नुसती शोभेची राहिली नव्हती, तिला सांध्याचेही काम करावे लागत होते.

नमुना मंजुरीच्या दिवशी छपाईनंतर सुमारे दोन तासांनी पाटीवर चौकटीचे चिरे पाडून टेप ओढण्यात आली. एकही चौकट निघाली नाही. चिकटण्याच्या चाचणीच्या आयएसओ २४०९ या मानकाप्रमाणे श्रेणी ०, म्हणजे उत्तम, आली, नमुना मंजूर झाला आणि काम सुरू झाले.

अडचण

पाट्या लागल्यानंतर सहा आठवड्यांनी पहिली तक्रार आली. प्रसाधनगृहातील एक पाटी खाली घसरली होती आणि तिची टेप भिंतीवरच राहिली होती. ग्राहकाच्या गुणवत्ता विभागाने त्या पाटीच्या उरलेल्या भागावर चिऱ्यांची चाचणी घेतली आणि पत्रात लिहिले की चिकटण्याची श्रेणी ० आली आहे.

इथे पाच दिवस वाया गेले, आणि कारण जवळजवळ हास्यास्पद होते. ग्राहकाची चाचणी एएसटीएम डी ३३५९ प्रमाणे होती आणि त्या मानकात ५बी ही उत्तम, तर ०बी ही सर्वांत वाईट श्रेणी असते. आयएसओ २४०९ मध्ये नेमके उलटे आहे. तिथे ० म्हणजे उत्तम आणि ५ म्हणजे वाईट. पत्रात ‘बी’ हे अक्षर गळले होते. युनिटच्या मालकांनी ते शून्य आपल्या सवयीच्या मानकाने वाचले, शाई उत्तम चिकटली असल्याचा निष्कर्ष काढला आणि दोष टेपचा किंवा भिंतीच्या रंगाचा असल्याचे उत्तर कळवून टाकले. ग्राहकाला हे उत्तर उद्धटपणाचे वाटले असल्यास नवल नाही.

पुढच्या आठवड्यात ग्राहकाने सर्व पाट्यांची पाहणी केली, तेव्हा ३१ पाट्यांच्या कडेला शाईचा पापुद्रा सुटलेला आढळला. समोरून पाहिले तर काळ्या पट्टीत कडेजवळ चंदेरी डाग दिसत. काच आणि शाई यांच्यामध्ये हवा शिरली की असे डाग दिसतात. या टप्प्यावर मला बोलावण्यात आले.

मालकांचा पहिला प्रश्न होता, “याहून भारी प्राइमर कोणते घ्यावे ते तेवढे सांगा.” माझ्या अनुभवात अशा दहापैकी आठ प्रकरणांची सुरुवात याच प्रश्नाने होते. नवी बाटली आणली की दोष जातो, या समजुतीत एक सोय असते, ती म्हणजे काम करण्याच्या पद्धतीकडे पाहावे लागत नाही.

तपास

सुटलेल्या ३१ पाट्या कुठे लागल्या होत्या, हे मी सर्वांत आधी विचारले. २९ प्रसाधनगृहांत होत्या. उरलेल्या दोन मार्गिकेत होत्या, पण पिण्याच्या पाण्याच्या यंत्राच्या अगदी बाजूच्या भिंतीवर. मग पाण्याचा संबंध नाकारण्यात अर्थ नव्हता. सुटण्याची सुरुवात खालच्या कडेपासून झाली होती. पुसताना किंवा शिंतोडे उडताना पाणी ओघळून तिथेच थांबते. शिवाय जिथे काळी पट्टी कडेपर्यंत होती तिथे पापुद्रा जास्त सुटला होता आणि फिकट रंगांच्या भागात कमी.

काचेच्या बाबतीत एक गोष्ट आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण प्लास्टिकवर काम करणाऱ्यांची सवय इथे फसवते. पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठभाग ऊर्जा सुमारे ३० मिलिन्यूटन प्रति मीटर इतकी कमी असते, त्यामुळे शाई त्यावर नीट पसरतच नाही, आणि ही ऊर्जा तपासणाऱ्या डाइन पेनने रेघ ओढली की अडचण लगेच कळते. स्वच्छ काचेची ऊर्जा याहून कितीतरी जास्त असते. शाई तिच्यावर सहज पसरते, डाइन पेनची रेघ अखंड राहते आणि कोरड्या टेप चाचणीत प्राइमर न लावलेली काचसुद्धा बऱ्यापैकी निकाल देते. पण काचेला शाईपेक्षा पाणी अधिक प्रिय असते. तिच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गटांकडे पाणी ओढले जाते, कडेतून आत सरकते आणि शाईला बाजूला सारून तिची जागा घेते. सायलेन प्राइमरचे काम म्हणजे या हायड्रॉक्सिल गटांशी एका टोकाने रासायनिक बंध करणे आणि दुसऱ्या टोकाने शाईतील अॅक्रिलेटशी जोडले जाणे, म्हणजे पाण्याला सरकायला वाट उरत नाही. म्हणून काचेवर प्राइमर लागले की नाही, हे कोरड्या चाचणीत कळत नाही. ते ओल्या चाचणीतच कळते. मंजुरीच्या दिवशी मिळालेली श्रेणी ० खोटी नव्हती, फक्त ती वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत होती.

त्यानंतर मी ऑपरेटरना नेहमीच्या पद्धतीने एक पाटी तयार करून दाखवायला सांगितले आणि काहीही न बोलता बाजूला उभा राहिलो. त्यांनी काच घरगुती वापराच्या निळ्या द्रवाने पुसली, कोरड्या फडक्याने चमकवली, प्राइमरची बाटली थेट फडक्यावर उपडी केली आणि काचेवर सढळ हाताने दोन आडवे, दोन उभे हात फिरवले. प्राइमर ओले असेपर्यंत काच तकतकीत दिसत होती. वाळल्यावर त्यांनी तिला हात लावला नाही. “जास्त लावले तर जास्त धरेल ना,” असे त्यांचे म्हणणे होते, आणि रंगकामाच्या अनुभवातून आलेले असल्याने ते स्वाभाविकही होते. मी खिशातला टॉर्च काचेला जवळजवळ समांतर धरला, तेव्हा त्या तिरप्या उजेडात फडक्याच्या प्रत्येक फेऱ्याची धुरकट रेघ दिसली, आणि जिथे फडके वळले होते त्या कोपऱ्यांत तर पांढरट साय जमली होती. कोपरे म्हणजेच कडा, आणि पापुद्रा नेमका तिथून सुटला होता.

सायलेनचा उपयोगी थर अतिशय पातळ असतो, रेणूंच्या थोड्याच थरांइतका. त्यापलीकडचे प्राइमर काचेशी बांधले जात नाही. ते स्वतःशीच जुळून एक ठिसूळ, भुसभुशीत पडदा तयार करते, आणि शाई काचेला चिकटण्याऐवजी या पडद्याला चिकटते. उत्पादकाच्या पत्रकात ‘लावल्यानंतर कोरड्या, न धुरळणाऱ्या कापडाने रेघा दिसेनाशा होईपर्यंत पुसावे’ असे वाक्य होते. ते पत्रक बाटलीच्या खोक्यात घडी करून तसेच पडलेले होते. यात बाटलीचीही एक गोष्ट भर घालत होती. अर्धी संपलेली बाटली तळाशी किंचित गढूळ झाली होती. सायलेन हवेतील आर्द्रतेशी प्रतिक्रिया करते, आणि काचेवर लागल्यावर तेच हवे असते. बाटलीत मात्र तीच प्रतिक्रिया होत राहिली तर प्राइमर वापरण्याआधीच खर्ची पडते.

काळ्या पट्टीचे कोडे क्युअरिंगमध्ये, म्हणजे यूव्ही प्रकाशाने शाई कडक होण्यात, होते. यूव्ही दिव्याचा प्रकाश वरून पडतो, आणि मागून छपाई करताना काचेला टेकलेला थर दिव्यापासून सर्वांत दूर असतो. काळे रंगद्रव्य यूव्ही शोषून घेते, त्यामुळे दाट काळ्या भागात वरचा थर कडक होतो आणि काचेलगतचा थर अर्धाकच्चा राहतो. त्यावर पांढऱ्याचा थर चढला की परिस्थिती आणखी बिकट होते, कारण त्यातील टायटॅनियम डायऑक्साइड ४०० नॅनोमीटरच्या खालचा बराच प्रकाश गिळतो. नखाने खरवडले तर पृष्ठभाग कडक लागतो आणि माणूस निश्चिंत होतो. सुटलेल्या पापुद्र्याची काचेकडची बाजू मात्र बोटाला किंचित चिकट लागत होती.

एका दिशेने मी स्वतः भरकटलो, हेही नोंदवतो. फ्लोट काच वितळलेल्या टिनवर तरंगत तयार होते, त्यामुळे तिच्या एका बाजूत टिनचा सूक्ष्म अंश राहतो. २५४ नॅनोमीटरचा लहान दिवा अंधारात धरला की ती बाजू दुधी चमकते. डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावूनच हे करावे. सायलेनच्या दृष्टीने दोन्ही बाजू सारख्या वागतीलच असे नाही, आणि या पाट्या कोणत्या बाजूने छापल्या याची नोंद नव्हती, म्हणून मी दोन दिवस हा धागा ओढत बसलो. ३१ पाट्या तपासल्यावर १७ टिनच्या बाजूने आणि १४ दुसऱ्या बाजूने छापलेल्या निघाल्या. एवढ्या फरकावरून काहीच सिद्ध होत नव्हते. पाट्यांच्या जागा आणि टॉर्चखालच्या रेघा समोर असताना ते दोन दिवस मी प्रयोगांना द्यायला हवे होते.

काच कापताना वापरलेल्या तेलाचा संशयही एकाने बोलून दाखवला. पण काच कापून, धुऊन मग टफन केलेली होती, आणि टफनिंगच्या भट्टीत काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. तेल त्यात टिकत नाही. हा मुद्दा लगेच निकाली निघाला.

पर्याय

पर्याय मांडताना आम्ही सुरुवातीलाच दोन प्रश्न वेगळे केले. काच आणि शाई यांच्यामधला सांधा कसा सुधारायचा, हा एक प्रश्न, आणि शाईच्या मागच्या बाजूचे व कडांचे पाण्यापासून रक्षण कसे करायचे, हा दुसरा. बाजारात दोन्हींना सर्रास ‘कोटिंग’ म्हणतात आणि त्यातून बराच घोटाळा होतो. प्राइमर चिकटवते, टॉपकोट (शाईवर मारायचे लॅकर) झाकतो. एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

पहिल्या प्रश्नासाठी समोर असलेला सर्वांत सोपा पर्याय म्हणजे तेच प्राइमर पत्रकाप्रमाणे लावणे. दुसरा पर्याय दोन घटकांचे पारदर्शक कोटिंग फवारून भट्टीत तापवण्याचा होता. त्याचा थर जाड आणि भक्कम असतो, पण मागून छपाई करताना तो काच आणि चित्र यांच्यामध्ये येतो, म्हणजे त्यातील धुळीचा प्रत्येक कण आणि संत्र्याच्या सालीसारखी प्रत्येक खळी समोरून दिसते. बाटल्या, पेले किंवा समोरून छापायच्या काचेसाठी मी हा पर्याय आनंदाने सुचवला असता, इथे नाही. तिसरा पर्याय ज्योतीने सिलिकाचा सूक्ष्म थर बसवण्याचा होता. निकाल उत्तम येतात, परंतु त्यासाठी खास बर्नर, ज्वलनशील द्रवांपासून वेगळी जागा आणि ज्योतीचा वेग व अंतर सांभाळणारा तयार हात लागतो, आणि एका कामासाठी हे उभारणे व्यवहार्य नव्हते. प्रिंटरच्या हेडमधून प्राइमर छापण्याचा पर्याय हेडचा एक मार्ग कायमचा अडवणारा होता, म्हणून तोही मागे पडला.

एक पर्याय मी आवर्जून टेबलावर ठेवला, तो म्हणजे हे काम यूव्ही छपाईने न करण्याचा. सिरॅमिक शाई काचेत भाजली जाते आणि सततच्या पाण्याला यूव्ही शाईपेक्षा कितीतरी चांगली तोंड देते. मालकांना हे ऐकणे आवडले नाही. तरीही प्रयोगात हवा तो निकाल आला नाही तर प्रसाधनगृहांच्या पाट्या त्या पद्धतीने बाहेरून करून घ्यायच्या, एवढे त्यांनी मान्य केले. ही मर्यादा आधी ठरल्यामुळे पुढचे प्रयोग प्रामाणिकपणे झाले, असे मला वाटते. परतीची वाट बंद असली की माणूस चाचणीचा निकालही सोयीने वाचतो.

प्रयोग आणि निर्णय

त्याच काचेचे तुकडे, तीच शाई आणि तेच चित्र घेऊन सहा प्रकार केले. प्राइमरशिवाय, युनिटच्या जुन्या पद्धतीने, पत्रकाप्रमाणे पातळ लावून पुसून, तसेच करून शिवाय काचेच्या बाजूने दिवा मारून, त्यानंतर १४० अंशांवर ३० मिनिटे तापवून, आणि तापवण्याऐवजी मागून दोन घटकांचे पॉलियुरेथेन लॅकर मारून. प्रत्येक प्रकार काचेच्या दोन्ही बाजूंवर केला. काचेच्या बाजूने दिवा मारण्याची कल्पना इथे चालते, कारण साधी काच ३९५ नॅनोमीटरचा बहुतेक प्रकाश आरपार जाऊ देते. पाटी उलटून प्रिंटरखाली शाई न सोडता एक फेरा मारला की जो थर कच्चा राहतो त्याच्यावरच प्रकाश आधी पडतो.

छपाईनंतर २४ तास थांबूनच चाचण्या सुरू केल्या, कारण यूव्ही शाईची प्रतिक्रिया दिव्याखालून बाहेर आल्यावरही काही काळ चालू राहते आणि घाईने घेतलेला निकाल कोणत्याही बाजूला चुकू शकतो. कोरड्या चाचणीत प्राइमर न लावलेला तुकडासुद्धा आयएसओच्या श्रेणी १ वर आला, बाकी सर्व ० वर. इथेच थांबलो असतो तर पाच पद्धती सारख्याच चांगल्या ठरल्या असत्या.

मग तुकडे २४ तास साध्या पाण्यात ठेवले आणि बाहेर काढल्यावर टिपून घेऊन लगेच चिरे पाडले. प्राइमरशिवायच्या तुकड्यावर चिरे पाडायची गरजच पडली नाही, शाईचा सबंध पापुद्रा पाण्यात तरंगत होता. जुन्या पद्धतीचा तुकडा काळ्या भागात श्रेणी ५ वर आणि फिकट भागात ३ वर आला, म्हणजे जागेवर जे घडले तेच बादलीत घडले. पातळ लावून पुसलेल्या तुकड्यावर फिकट भाग १ आणि काळा २ आला. काचेच्या बाजूने दिवा मारल्यावर काळा भागही १ वर आला. तापवलेला तुकडा सर्वत्र ०. टिनची बाजू आणि दुसरी बाजू यांत आमच्या या प्राइमरपुरता डोळ्यांना दिसणारा फरक आढळला नाही.

६० अंशांच्या पाण्यात दोन तास ठेवल्यावर फरक अधिक उघडे पडले. दिवा मारलेला पण उघड्या कडेचा तुकडा कडेजवळ २ वर घसरला, लॅकर मारलेला १ वर थांबला आणि तापवलेला ० वरच राहिला.

निव्वळ आकड्यांवर जायचे तर तापवणे हाच निर्णय व्हायला हवा होता. पण त्या तुकड्याचा पांढरा भाग न तापवलेल्या तुकड्याशेजारी ठेवला की किंचित पिवळसर दिसत होता. इमारतीत २७८ न बदललेल्या पाट्या शेजारी राहणार होत्या, आणि ग्राहकाला हा फरक नको होता. शिवाय भट्टी बाहेरची वापरावी लागणार होती. मालक, ग्राहकाचे अभियंते आणि मी यांनी मिळून पातळ प्राइमर, काचेच्या बाजूने दिवा, मागून लॅकर असा मार्ग निवडला. त्यासोबत दोन बदल ठरले, आणि माझ्या मते कोटिंगपेक्षा त्यांचेच महत्त्व जास्त होते. छपाई कडेपासून ३ मिलिमीटर आत थांबवायची, म्हणजे लॅकर कडेला थेट प्राइमर लावलेल्या काचेवर बसून शाईला चहूबाजूंनी बंद करेल. आणि पाटीचा भार शाईवर ठेवायचा नाही. खाली यू आकाराची पट्टी द्यायची आणि टेप फक्त पाटी हलू नये यासाठी वापरायची. कोपऱ्यांत भोके पाडून स्क्रू लावण्याची सूचना आली होती, पण टफन झालेल्या काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ती फुटते.

कृती

लागलेल्या सर्व ४२० पाट्यांना आठवड्याभरात खालून आधार देण्याचे काम आधी झाले. छपाईच्या दर्जाचा वाद त्यासाठी मिटण्याची वाट पाहिली नाही, आणि हा या प्रकरणातील सर्वांत चांगला निर्णय होता. टफन्ड काच बारीक तुकड्यांत फुटते एवढ्यावरून डोक्याच्या उंचीवरून पडलेली ९०० ग्रॅमची पाटी निरुपद्रवी ठरत नाही.

नंतर प्रसाधनगृहांतील १४० आणि पाण्याच्या यंत्राजवळील २ अशा १४२ पाट्या नव्याने छापल्या. घरगुती निळा द्रव बंद झाला, कारण त्यात साबणासारखे घटक राहू शकतात. त्याऐवजी ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न धुरळणारे विणविरहित कापड आले. काच स्वच्छ झाली की नाही, हे प्रत्येक गठ्ठ्यातील एका तुकड्यावर पाणी ओतून पाहिले जाई. पाण्याचा पडदा न तुटता उतरला तर पुढे जायचे, थेंब झाले तर पुन्हा पुसायचे, आणि पाहून झाल्यावर तो तुकडा बाजूला काढायचा. प्राइमर लहान बाटल्यांत वाटून घेतले गेले, उघडल्याची तारीख प्रत्येक बाटलीवर लिहिली गेली, आणि ओतून उरलेले पुन्हा बाटलीत टाकायचे नाही हा नियम भिंतीवर लागला. एका हातात प्राइमरचे कापड, दुसऱ्या हातात कोरडे, आणि दर दहा पाट्यांनी दोन्हींची घडी बदलायची, अशी पद्धत ऑपरेटरनी स्वतःच बसवली. टॉर्च आता प्रिंटरला चुंबकाने अडकवलेला असतो.

लॅकरने मात्र एक दिवस अडवले. पहिल्याच फवाऱ्यात ते शाईवरून माघार घेऊन गोल गोल खळ्यांत जमले, ज्याला रंगकामात फिश-आय म्हणतात. शाईमध्ये पृष्ठभाग गुळगुळीत राहावा म्हणून घातलेल्या सिलिकोनसारख्या घटकांचा हा परिणाम असावा, असा आमचा कयास होता. दोन लॅकर तपासून, जे या शाईवर नीट पसरले आणि २४ तासांनंतर चिऱ्यांच्या चाचणीत टिकले ते घेतले. अशा लॅकरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि त्यांचा फवारा श्वसनाला घातक असतो, म्हणून ते काम छपाईच्या खोलीत न करता योग्य वायुवीजन आणि श्वसनसंरक्षण असलेल्या फवारणी केबिनमध्ये बाहेरून करून घेतले.

परिणाम

अकरा महिन्यांनंतरच्या पाहणीत नव्या १४२ पाट्यांपैकी दोन पाट्यांच्या कोपऱ्यात शाई सुटू लागलेली आढळली. दोन्ही ठिकाणी यू पट्टी बसवताना लॅकरचा टवका उडाला होता. मार्गिकांतील जुन्या २७८ पाट्यांमध्ये त्या काळात सात सुटल्या, पण खालच्या आधारामुळे एकही खाली आली नाही. त्या सात नव्या पद्धतीने बदलून दिल्या. उरलेल्या जुन्या पाट्यांच्या दर सहा महिन्यांच्या पाहणीचा खर्च युनिटने उचलला आहे.

काय वेगळे करता आले असते

नमुना मंजूर करताना पाटी कुठे लागणार, कशी पुसली जाणार आणि कशाच्या आधारावर राहणार, हे तीन प्रश्न विचारले असते तर बादलीभर पाणी आणि एक रात्र एवढ्यावर हे प्रकरण थांबले असते. आता युनिटच्या जॉब कार्डावर हे तीन रकाने आहेत, आणि ते कोरे असतील तर कपाटातून प्राइमर काढायचे नाही, असा दंडक आहे.

चाचणीच्या निकालापुढे मानकाचे नाव लिहिण्याची सवय दोन्ही बाजूंनी हवी होती. नुसते शून्य लिहिणे म्हणजे एकक न लिहिता लांबी देण्यासारखे आहे. पहिल्या तक्रारीला उत्तर देण्याआधी सुटलेली पाटी परत मागवून पाहिली असती तर पापुद्र्याची चिकट बाजू त्याच दिवशी बोटाला लागली असती, आणि ग्राहकाशी आलेला दुरावाही टळला असता.

टिनच्या बाजूचा धागा मी उशिरा घ्यायला हवा होता. तो चुकीचा नव्हता, त्याची वेळ चुकली. मात्र छपाईची बाजू नोंदवण्याची पद्धत त्यातून सुरू झाली ती मी चालू ठेवायला सांगितले आहे, कारण प्राइमर बदलले तर हा प्रश्न पुन्हा उभा राहू शकतो.

तापवण्याचा पर्याय सोडला, याबद्दल माझे मन अजून पूर्ण स्वस्थ नाही. ग्राहकाची रंगाची अट योग्य होती, परंतु सर्व ४२० पाट्या एकदम बदलायच्या असत्या तर पिवळसरपणाचा मुद्दा उरलाच नसता आणि सर्वांत भक्कम निकाल हाती असता. टवका उडालेल्या त्या दोन पाट्या तापवल्या असत्या तर लॅकर नसतानाही टिकल्या असत्या का, हे पाहण्यासाठी तापवलेला एक तुकडा आणि न तापवलेला एक तुकडा, दोन्ही लॅकरशिवाय, युनिटच्या हात धुण्याच्या बेसिनवर लावून ठेवले आहेत. येणारा जाणारा त्यांवर पाणी उडवतो. न तापवलेल्या तुकड्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात गेल्या महिन्यात तांदळाच्या दाण्याएवढा चंदेरी डाग दिसला.